त्या दिवशी पुढं कोण होतं

“विचारलंच, तर पुढं मी होतो म्हणून सांगायचं,” भोईटे सर म्हणाले आणि त्यांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला. “बाकी कुणी तोंड उघडायचं नाही.”

“सर, तुम्ही दुसरे होता,” इनामदार म्हणाला.

“मी कितवा होतो ते मला माहितीय.”

“तसं नव्हं. खोटं बोलायचंच तर पक्कं ठरवून बोलू. मग शलाका कितवी?”

“दुसरी. आमची अदलाबदल झाली समज. त्यात काय अवघड आहे?”

 शलाका बाकाच्या डाव्या टोकाला बसली होती. ती जागा निकमची. बसल्यावर तिच्या ते लक्षात आलं असावं, कारण ती एकदा अर्धवट उठली आणि मग पुन्हा तिथंच बसली.

पोवई नाक्यापासून थोडं खाली तात्याची चहाची टपरी होती. दर रविवारी उजाडायच्या आत आम्ही तिथं जमायचो, सायकली झाडाला टेकवायचो, चहा घ्यायचो आणि निघायचो. त्या रविवारी झाडाला एकही सायकल नव्हती. सगळे स्कूटरवरून आलो होतो. मी स्वतः घरातून निघताना सायकलवरची चादर उचलली आणि परत टाकली.

आमच्या मंडळाला नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. आम्ही पाच जण. भोईटे सर शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले, आणि चढावर आम्हा सगळ्यांना मागं टाकणारे. इनामदारचं शिंप्यांना लागणाऱ्या सामानाचं दुकान. गुंड्या, चेन, अस्तर आणि अखंड बडबड. शलाका क्षीरसागर एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची. तिशीची, आमच्यात सगळ्यांत लहान. मी दैनिकात उपसंपादक. इनामदार मला ‘संपादक’ म्हणायचा, ते पद मला कधीच मिळणार नाही याची खात्री असल्यासारखा. आणि पाचवा हणमंत निकम, पाटबंधारे खात्यात नकाशे काढणारा.

निकम नेहमी शेवटी. आठ वर्षांत तो कधी पुढं आला नाही. “तुम्ही व्हा पुढं, मी आहे मागं,” एवढंच म्हणायचा. आम्ही त्याला चांगुलपणा समजत होतो. कुणाची चेन उतरली, कुणाला दम लागला की मागून निकम येणारच. त्याच्या हँडलच्या टोकाला एक गोल आरसा होता. त्यावरून इनामदार त्याला दर रविवारी छळायचा. “निकम, भांग नीट पडलाय का बघतोस? सासुरवाडीला निघालास काय?” निकम हसायचा. जरा उशिरा, पण मनापासून.

हमरस्ता ओलांडायची आमची एक पद्धत होती. सरांनी घालून दिलेली. पुढचा थांबायचा, दोन्हीकडं बघायचा आणि ओरडायचा, “मोकळं!” दुसरा तेच मागं द्यायचा, मग तिसरा, मग चौथा. असं करत सगळी ओळ न रेंगाळता पार व्हायची. शेवटचा पलीकडं पोचला की त्यानं “आलो!” म्हणायचं, मग पुढच्यानं पायडल मारायचं. निकम ‘आलो’ म्हणत नसे. तो घंटा वाजवायचा, दोनदा. म्हणायचा, “सकाळी सकाळी गळा काढायला नको वाटतं.” ती दोन ठोक्यांची घंटा ऐकू आली की आम्ही निघायचो.

जांभूळफाट्यावर महामार्ग ओलांडून आम्ही कॅनॉलच्या रस्त्याला लागायचो. तिथं डाव्या हाताला मोठा उतार आहे. त्या दिवशी अजून उजाडलं नव्हतं. पुढं शलाका होती. तिच्या मागं सर, मग मी, मग इनामदार, मग निकम. शलाका थांबली. “मोकळं!” असं ओरडली आणि निघाली. आम्ही ते मागं दिलं आणि निघालो. पलीकडं पोचलो आणि घंटेची वाट बघत उभे राहिलो.

घंटा आली नाही. पत्र्याचा डबा फरशीवर पडावा तसा एक आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग एक इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

टेम्पो उलट्या बाजूनं आला होता. उताराच्या वरच्या बाजूला दुभाजक तोडलेला आहे, तिथून तो चुकीच्या रस्त्यावर शिरला होता. पुढं जाऊन वळसा घेण्याचे कष्ट वाचवायला. फाट्यावरच्या धाब्यातल्या लोकांनी त्याला अडवला. निकम जागच्या जागी गेला होता. एवढंच लिहितो. त्यापुढचं लिहून कुणाला काही मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत बातमी आली, आमच्याही. ‘भरधाव टेम्पोच्या धडकेत सायकलस्वार ठार’. मी रजेवर होतो. डेस्कवर जो होता त्यानं ती नेहमीसारखी लिहिली. आमच्याकडं अपघातातलं वाहन भरधावच असतं.

त्यानंतर आम्ही स्मशानात भेटलो, निकमच्या घरी भेटलो, आणि मग भेटेनासे झालो. गावातल्या सायकली चालवणाऱ्या इतर मंडळांनी मेणबत्त्या लावून मोर्चा काढला, कलेक्टरांना निवेदन दिलं, दुभाजकातली ती फट बुजवायची मागणी केली. ती पुढं बुजवली गेलीही. आमच्यातले कुणी त्या मोर्चात गेले नाहीत. सर म्हणाले, “आपण काय म्हणून जायचं? आपण तिथंच होतो.”

शलाकाचं मात्र वेगळंच चाललं होतं. ती लॅबमध्ये जायची आणि सुई हातात घेतली की तिचा हात थरथरायचा. दोनदा पेशंट ओरडले. मग तिला काउंटरवर बसवलं. तिचा भाऊ नागपूरला होता, तो म्हणत होता सोडून दे सगळं आणि इकडं ये. तिची सायकल विकायची आहे, कुणी बघा, असा तिनं मला निरोप धाडला होता. मी गिऱ्हाईक शोधलं नाही.

आणि आता निकमच्या बायकोनं, उज्ज्वलावहिनींनी, सरांना फोन केला होता. “रविवारी नेहमीच्या जागी सगळे या. मला एक विचारायचंय.”

“एकच असतं ते,” सर म्हणाले होते. “पुढं कोण होतं, हेच. दुसरं काय विचारणार?”

“सर, मी सांगेन,” शलाका आता पहिल्यांदा बोलली. “मी सांगते आणि जाते. तिकीट काढलंय मी.”

“काही सांगणार नाहीस तू,” सर म्हणाले. “तुझं वय काय, माझं काय! माझ्या नावावर गेलं तर मी आणखी किती दिवस वागवणार ते? तुला चाळीस-पन्नास वर्षं काढायचीत.”

“पण मी डावीकडं बघितलं होतं का, हेच मला आठवत नाही, सर. बघितलं असं वाटतं. मग वाटतं, नाही बघितलं.”

“बघितलंस. मी मागं होतो. तुझी मान वळलेली मी बघितली.”

“अंधारात?”

 इनामदारनं तात्याला आणखी एक चहा सांगितला, कुणी न मागितलेला. तेवढ्यात रिक्षा थांबली.

वहिनी एकट्याच आल्या होत्या. आम्हाला वाटलं होतं, त्यांचा भाऊ असेल, दीर असेल, चार माणसं बोलायला असतील. फिकट साडी, हातात कापडी पिशवी. त्यांनी झाडाकडं बघितलं, मग आमच्याकडं.

“सायकली कुठायत?”

इनामदारनं बाकावरचे ग्लास बाजूला सरकवले.

“बसा, वहिनी,” इनामदार उठला. “चहा घ्या. तात्या, साखर कमी टाक रे.”

“साखर असू दे,” वहिनी म्हणाल्या. त्या बसल्या मात्र नाहीत. चहाचा ग्लास हातात धरून उभ्या राहिल्या आणि थेट म्हणाल्या, “सर, त्या दिवशी पुढं कोण होतं?”

“मी,” सर म्हणाले.

इतक्या पटकन म्हणाले की इनामदारनं खाली बघितलं.

“तुम्ही ‘मोकळं’ म्हणालात?”

“मीच म्हणालो.”

“मग मला एक सांगा,” वहिनींचा आवाज बारीक झाला. “तुम्हाला तो टेम्पो ऐकू आला होता का?”

हा प्रश्न आम्ही ठरवलेल्यात नव्हता. मी सरांकडं बघत होतो. मैदानावर कुठल्या पोरानं दगड मारला हे न विचारता स्वतःच दिलगिरी व्यक्त करून मोकळा होणारा तो माणूस. दोष घ्यायचाच तर पुरता घ्यावा, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

“आला असणार,” ते म्हणाले. “एवढा टेम्पो, ऐकू यायला काय झालं? माझंच लक्ष नसणार, वहिनी. माझी चूक आहे.”

वहिनींच्या हातातला चहा सांडला. त्यांनी ग्लास बाकावर ठेवला आणि पदरानं बोटं पुसली. कितीतरी वेळ पुसत राहिल्या.

“म्हणजे ऐकू येण्यासारखा होता,” त्या म्हणाल्या. “मला तेच विचारायचं होतं. येते मी.”

त्या खरंच वळल्या. रिक्षा अजून उभी होती. त्यांनी दोन पावलं टाकली आणि मागून शलाका ओरडली. ‘मोकळं’ म्हणून ओरडायची तेवढ्याच जोरात.

“खोटं आहे, काकू! सर पुढं नव्हते. मी होते!”

“शलाका,” सर म्हणाले.

“मी होते पुढं. मीच म्हणाले मोकळं. आणि मला काही ऐकू आलं नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही. मी रोज रात्री तेच आठवत बसते, कुठं बारीकसा आवाज आला असेल, मी दुर्लक्ष केलं असेल. पण आवाजच नव्हता. तुम्हाला काय म्हणायचंय ते म्हणा. पण आवाज नव्हता.”

वहिनी परत आल्या. अगदी शलाकाच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

“नव्हता?”

“नाही.”

“तुझे कान चांगलेत?”

आम्ही सगळेच जरा चमकलो. शलाकानं मान हलवली. “चांगलेत.”

“इनामदार भाऊजी, तुम्हाला?”

“नाही वहिनी. छातीवर हात ठेवून सांगतो. आधी तो पत्र्याचा आवाज. आधी दुसरं काही नाही.”

“भाऊजी, तुम्ही?”

मी म्हणालो, “मी इंजिनाचा आवाज ऐकला, पण नंतर. धडक झाल्यावर. इंजिन तेव्हा सुरू झालं.”

“सुरू झालं म्हणजे?”

“म्हणजे आधी बंद होतं. तो उतारावरून इंजिन बंद करून, दिवे घालवून येत होता. डिझेल वाचवायला. पोलिसांना त्यानं स्वतःच सांगितलंय.”

“पेपरात तर भरधाव लिहिलंय.”

“पेपरात तसंच लिहितात,” मी म्हणालो.

“सर,” वहिनी म्हणाल्या, “आता खरं सांगा. तुम्हाला?”

सरांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. “नाही हो. काही ऐकू आलं नाही. मला वाटलं, तुम्ही मला जाब विचारताय.”

वहिनी खाली बसल्या. बाकावर, शलाकाच्या शेजारी, एकदम. आणि त्यांनी एक एवढा मोठा श्वास सोडला की टपरीतून तात्यानं वाकून बघितलं. मला वाटलं, आता रडतील. त्या रडल्या नाहीत. शलाकाचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “त्यांना ऐकू येत नव्हतं.”

“कुणाला?”

“ह्यांना. डावा कान पार गेलेला. उजव्यानं थोडंफार. जवळून, तोंड बघून बोललं तर समजायचं. मशीन आणलं होतं, पण वाऱ्यात ते शिट्ट्या मारतं म्हणून सायकलवर घालायचे नाहीत. त्या दिवशी निघाले तेव्हा मशीन देव्हाऱ्याशेजारी होतं. मी बघितलं आणि काही बोलले नाही. आणि टेम्पो आला डावीकडून.” त्या थांबल्या. “भरधाव टेम्पो म्हटल्यावर मला वाटलं, बाकीच्या चौघांना ऐकू आला आणि ते पार झाले. ह्यांनाच तेवढा ऐकू आला नाही. मी तुम्हाला आधीच सांगून टाकलं असतं तर तुम्ही त्यांना शेवटी ठेवलं नसतं. आणलंच नसतं. आज जिवंत असते.”

 माझ्या डोळ्यांसमोर एकेक गोष्ट येत गेली. बाकाचं डावं टोक, म्हणजे सगळे त्याच्या उजव्या हाताला बसावेत. शेवटचा नंबर, म्हणजे सगळ्यांचे हात आणि माना समोर दिसाव्यात. हँडलवरचा आरसा. उशिरा येणारं हसू. आठ वर्षं.

“मी म्हणत होते, सांगून टाका,” वहिनी म्हणाल्या. “तर म्हणायचे, सांगितलं की सर मला मध्ये घालतील आणि सांभाळून नेतील. मला कुणी सांभाळून नेलेलं नको.”

“घातलंच असतं मध्ये,” सर पुटपुटले.

“पण काकू,” शलाका म्हणाली. तिला अजून सुटल्यासारखं वाटत नव्हतं. तिचा चेहरा मला दिसत होता. “मी मोकळं म्हणाले म्हणून ते आले ना?”

“अगं, त्यांना ते ऐकू कुठं जायचं? ते कुणाच्याच ‘मोकळं’वर जात नव्हते. मला सांगायचे की. म्हणायचे, मी तिथं पाय टेकतो, दोन्हीकडं बघतो आणि मग निघतो. पलीकडं पोचलो की घंटा वाजवतो, म्हणजे त्यांना वाटतं मी त्यांचं ऐकून आलो.”

“टेकला होता,” इनामदार म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं.

“पाय. मी रस्त्याच्या मधे होतो तेव्हा मागं बघितलं. निकमनं पाय टेकला होता आणि मान वळवून उताराकडं बघत होता. धाब्याचा उजेड पडला होता त्याच्यावर. मला राग आला होता. मनात म्हटलं, एवढं सगळ्यांनी ओरडून सांगितलं तरी हा काय बघतोय अजून.”

“हे तू आधी का नाही बोललास?” सर म्हणाले.

“कुणी विचारलंय का मला? तुम्ही म्हणालात तोंड उघडायचं नाही!”

आणि मग जे झालं ते त्या टपरीवर बसलेल्या परक्या माणसांना विचित्र वाटलं असणार. वहिनी हसल्या. आधी नाकातून, मग तोंडावर पदर धरून. शलाका रडत होती, आणि तिचा हात वहिनींच्या हातात होता, आणि तीही मध्येच हसली. सरांनी टोपी परत घातली, परत काढली.

“त्यांनी बघितलं,” शलाका म्हणाली. ती स्वतःलाच सांगत होती. “त्यांनी स्वतः बघितलं, आणि त्यांनाही दिसला नाही.”

“दिवेच नव्हते तर दिसणार कसा, बाळा? तुला नाही, त्यांना नाही. आणि ऐकू तर कुणालाच आला नाही.” वहिनी हे वाक्य पुन्हा म्हणाल्या. “कुणालाच आला नाही.”

इनामदारला काहीतरी आठवलं. “वहिनी, एक विचारू? मी आठ वर्षं त्याला जोक सांगत होतो.”

“माहितीय.”

“मग तो हसायचा कशाला?”

“तुम्ही सगळे हसलात की हसायचे. आणि घरी येऊन चप्पल काढायच्या आधी मला सांगायचे, आज इनामदारनं लई भारी जोक सांगितला, सर तर खोकायलाच लागले. मी विचारायचे, काय होता? तर म्हणायचे, ते काही कळलं नाही बुवा.”

इनामदारनं तोंड फिरवलं. खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं. त्याला मी पहिल्यांदाच इतका वेळ गप्प बघितलं.

“एखादा आठवतोय का?” वहिनी म्हणाल्या.

“कशातला?”

“त्यातला. मलाच सांगा. मी आठ वर्षं अर्धवट ऐकतेय.”

इनामदारनं सांगितला. आरशाचाच, सासुरवाडीचा. मग दुसरा, सरांच्या बायकोनं सरांना किराणा आणायला पाठवलं आणि सर चाळीस किलोमीटर फिरून हात हलवत परत आले त्याचा. दुसऱ्यालाही वहिनी हसल्या. तात्यानं नवा चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत. रिक्षावाला कंटाळून येऊन आमच्यातच बसला.

जायच्या वेळी वहिनींनी कापडी पिशवी शलाकाच्या मांडीवर ठेवली. “त्यांची नवी सायकल पोलिसांकडं आहे. केस उभी राहीपर्यंत देणार नाहीत म्हणे. ही जुन्या काळ्या सायकलची. ऑफिसला जायचे तिच्यावरून. मी आणली होती, जो पुढं होता त्याला द्यायला, माझा त्याच्यावर राग नाही हे कळावं म्हणून. म्हटलं, ज्याला ऐकू येतं त्याच्याकडं असावी.” मग सरांकडं बघून म्हणाल्या, “तुम्हाला देणार होते मघाशी. पण तुम्ही मला घाबरवलंत.”

“माफ करा, वहिनी,” सर म्हणाले. “पोरीसाठी केलं.”

“कळलं ते.”

पिशवीत घंटा होती. पितळी, जुनी, घासून लख्ख केलेली.

शलाकानं तिकीट रद्द केलं. सोमवारी ती लॅबमध्ये गेली. मंगळवारी माझं साखरेचं तपासायचं होतं. मी मुद्दाम तिच्याच लॅबमध्ये गेलो आणि तीच घेणार असेल तर देतो म्हणालो. तिनं सुई लावली. मी हाताकडं बघितलं नाही, तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. “झालं, काका,” ती म्हणाली तेव्हा मला कळलं की टोचून झालंय.

पुन्हा सायकली काढायला मात्र आम्हाला वेळ लागला. सरांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की यापुढं ‘मोकळं’ बंद. “कुणी कुणाला मोकळं सांगायचं नाही. प्रत्येकानं पाय टेकायचा, स्वतः दोन्हीकडं बघायचं, एकेकट्यानं पार व्हायचं. उशीर झाला तर झाला.” आणि जरा वेळानं, कुणी काही न विचारता, म्हणाले, “अख्खी नोकरी पोरांना पुढच्याकडं बघून पाऊल टाका म्हणून शिकवलं मी.”

शेवटी कोण, हा प्रश्न निघाला नाही. शलाकानं तिची सायकल सगळ्यांच्या मागं नेऊन उभी केली होती.

जांभूळफाट्यावर आम्ही थांबलो. अंधार होता, पण फटफटायला लागलं होतं. सरांनी पाय टेकला, बघितलं, गेले. मग मी गेलो. मग इनामदार, एक शब्द न बोलता. तिघं पलीकडं उभे राहिलो आणि रस्त्याकडं पाठ करून वाट बघायला लागलो. मागं वळून बघायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. पण कुणी वळलं नाही.

एक ट्रक गेला. त्याच्या मागून एक एसटी गेली. मग रस्ता शांत झाला आणि शांतच राहिला. सरांचा हात ब्रेकवर घट्ट बसलेला मला दिसत होता. इनामदार ओठ हलवत होता, काहीतरी म्हणत असावा.

मग आमच्या अगदी मागं घंटा वाजली. दोनदा.

“चला,” सर म्हणाले, आणि आम्ही कॅनॉलच्या रस्त्याला लागलो. थोडं पुढं गेल्यावर इनामदारनं जोक सांगितला, सगळ्यांत मागं शलाकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. तो फार चांगला नव्हता. परत आल्यावर टपरीवरून त्यानं वहिनींना फोन लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितला.